सापाच्या इंजेक्शनचे नातेवाईक

मी सहावीत असताना आमच्या सालदाराला कपाशीत घोणस चावली. बाबांनी त्याला मोटरसायकलवर मधे बसवलं, काकांनी मागून घट्ट धरलं आणि तिघं अमळनेरला गेले. सरकारी दवाखान्यात त्याला 'सापाचं इंजेक्शन' दिलं. एकच नाही, कुपीमागून कुपी, सलाइनमधून. अर्ध्यातच त्याच्या अंगावर गांधी उठल्या, हुडहुडी भरली. डॉक्टरांनी सलाइन थांबवलं, दुसरं काहीतरी टोचलं, मग पुन्हा सुरू केलं. माणूस वाचला आणि आखाजीला पुढच्या सालाला परत आमच्याकडेच उभा राहिला.

त्या कुप्यांमध्ये काय होतं ते मला फार उशिरा, जळगावला बायोटेक्नॉलॉजी शिकायला गेल्यावर कळलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात. घोड्याला त्यानं फारसं होत नाही, पण त्याचं शरीर त्या विषाला धरून ठेवणारी प्रथिनं बनवू लागतं. या प्रथिनांना अँटीबॉडी म्हणतात. घोड्याचं थोडं रक्त काढून त्या वेगळ्या केल्या की झालं सापाचं इंजेक्शन. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वात यांवर दाखवलेली ही युक्ती आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आजही माणसं वाचवते.

हे सगळं आठवायचं कारण माझी मावशी. तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला आणि फाइलमधल्या एका औषधाच्या नावाच्या शेवटी 'मॅब' होतं. मावसभावानं मला फोन करून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, सापाच्या इंजेक्शनचा नातेवाईक आहे. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

मावशीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. पंधरा वर्षांपूर्वी तिची पिशवी काढलेली. आपल्याकडे चाळिशीच्या आत-बाहेर पिशवी काढलेल्या बायका दर गल्लीत सापडतील. ती म्हणाली, "मनी तं पिशवी काढी टाकेल शे, मंग हाऊ कॅन्सर कथाईन उना?" म्हणजे, हा कुठून आला? प्रश्न बरोबर होता. पिशवी म्हणजे गर्भाशय. पुष्कळदा तेवढंच काढतात आणि दोन्ही बाजूंची अंडाशयं जागेवर ठेवतात, कारण त्यांची संप्रेरकं शरीराला हवी असतात. अंडाशयाच्या कॅन्सरचा जो प्रकार सर्वांत जास्त दिसतो, त्याचा उगम बहुतेक वेळा अंडाशयाशेजारच्या बीजनलिकेच्या टोकाला असतो, हे तर डॉक्टरांनाही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच नीट उमगलंय. म्हणजे पिशवी गेली तरी नळी आणि अंडाशय असेपर्यंत हा धोका उरतो.

शिवाय हा आजार गुपचूप वाढतो. पोट फुगतं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, लघवीला सारखं जावं लागतं, ओटीपोटात दुखतं. यातलं एकही लक्षण असं नाही की बाई घरातलं काम टाकून दवाखान्यात जाईल. मावशीनं चार महिने ओवा आणि हिंग खाल्ला. बहुतेक जणींचा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात, पोटभर पसरल्यावरच कळतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर अनेक वर्षं चाललेल्या मोठ्या चाचणीत, लक्षणं नसताना रक्त आणि सोनोग्राफी तपासून मृत्यू कमी होतात का ते पाहिलं. २०२१ साली निकाल आला: होत नाहीत. म्हणून गावोगावच्या शिबिरांत 'अंडाशयाच्या कॅन्सरची रक्ततपासणी' असं कोणी देत असेल तर पैसे जपून ठेवा.

ती रक्ततपासणी म्हणजे सीए-१२५. तिचा जन्मही अँटीबॉडीतूनच झाला. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटणारी एक अँटीबॉडी शोधली. ती ज्याला चिकटते ते प्रथिन कॅन्सरच्या पेशींवरून सुटून रक्तात येतं, म्हणून ते रक्तात मोजता येतं. उपचार लागू पडतायत का हे पाहायला ही तपासणी उत्तम. निदानाला एकटी पुरत नाही, कारण पोटाच्या टीबीतही सीए-१२५ चढतं आणि पोटात पाणीही होतं. आपल्याकडे टीबी काही दुर्मिळ नाही, त्यामुळे तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणी कॅन्सर म्हणू नये आणि कोणी टीबीही म्हणू नये.

आता मूळ मुद्द्याकडे. अँटीबॉडीचा आकार बेचकीसारखा असतो. खाली एक दांडा, वर दोन हात. प्रत्येक हाताच्या टोकाला सहा बारीक वळसे असतात आणि पकड असते ती या वळशांची. वळसे बदलले की पकडायची वस्तू बदलते, घोणशीच्या विषाऐवजी धनुर्वाताचं विष. दांड्याचं काम वेगळं. तो शरीराच्या पहारेकरी पेशींना हाक मारतो: इथे या, हे पकडलंय.

सालदाराच्या अंगावर गांधी का उठल्या? घोड्याचं प्रथिन त्याच्या शरीराला परकं वाटलं. हा त्रास कमी व्हावा म्हणून आपल्याकडच्या सापाच्या इंजेक्शनात घोड्याच्या अँटीबॉडीचा दांडा पेप्सिननं कापून टाकतात आणि फक्त हात ठेवतात. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरातही असतं ते पाचक रसायन. अँटीबॉडीची दुरुस्ती म्हणतात ती इथूनच सुरू होते, काही फार थोर यंत्रसामग्री लागत नाही.

कॅन्सरसाठी मात्र घोडा चालेना. घोड्याच्या रक्तात हजार प्रकारच्या अँटीबॉडी एकत्र येतात आणि कॅन्सरच्या पेशी ओळखायला एकच, अगदी नेमकी हवी. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझर मिलस्टीन यांनी उंदराची अँटीबॉडी बनवणारी पेशी आणि कधीच न मरणारी कॅन्सरची पेशी एकमेकींत मिसळून टाकली. जी संकरित पेशी तयार झाली ती एकाच प्रकारची अँटीबॉडी अखंड बनवत राहिली. नऊ वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. पेटंट मात्र घेतलं नव्हतं. त्यावर पुढे किती लोकांनी किती कमावलं याचा हिशोब करत बसलो तर लेख तिकडेच जाईल.

उंदराची अँटीबॉडी माणसाला दिली की पुन्हा तोच घोळ: शरीर तिलाच परकी समजून मारतं. दुसऱ्या-तिसऱ्या डोसला औषध उरतच नाही. इथे जी युक्ती केली तिचं नाव इंग्रजीतही कलमच आहे आणि जळगावजवळच्या मेहरूणच्या बोरांच्या आसपास वाढलेल्या माणसाला ती एका वाक्यात कळते. रानबोरीचा खुंट चिवट आणि आपल्या मातीतला, फळ मात्र फालतू. मग काय करतो? खुंटावर चांगल्या बोरीचा डोळा भरतो. मुळं रानबोरीची, फळ चांगल्या जातीचं. ग्रेग विंटर यांनी १९८६ च्या सुमाराला हेच केलं: माणसाच्या अँटीबॉडीचा खुंट घेतला आणि त्यावर उंदराच्या अँटीबॉडीचे फक्त सहा वळसे भरले. शरीराला दिसतो तो आपला खुंट, पकड राहते उंदरानं शोधलेली.

डोळा भरल्याबरोबर सगळं सुरळीत होतं असं शेतकरी म्हणत नाही, तसं हेही झालं नाही. वळसे नव्या खुंटावर थोडे कलतात आणि पकड ढिली पडते. मग खुंटातले वळशांना आधार देणारं एकेक अमायनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला मणी, पुन्हा उंदराचं करून पाहावं लागतं. कुठलं बदललं की पकड परत येते, कुठलं बदललं की शरीर चिडतं, हे ताळून पाहण्यात माणसांचे महिने जातात. प्रयोगशाळेत मी याच कामाच्या शेजारी बसायचो आणि खरं सांगतो, बाहेरून पाहिलं तर त्यात काहीही पाहण्यासारखं नसतं.

या इतिहासाच्या खुणा औषधांच्या नावात राहिल्यात. शेवट 'मॅब' म्हणजे एकाच जातीची अँटीबॉडी. जुन्या नावांत त्याआधी 'ओ' असेल तर उंदराची, 'क्सि' असेल तर काही भाग उंदराचा आणि बाकी माणसाची, 'झु' असेल तर डोळा भरलेली, आणि नुसतं 'उ' असेल तर पूर्ण माणसाची. २०१७ नंतरच्या नव्या नावांत ही मधली खूण ठेवत नाहीत, त्यामुळे हा नियम सगळीकडे लावू नका. मावशीच्या फाइलवरचं बेव्हासिझुमॅब म्हणजे झुमॅब, डोळा भरलेलं.

ते मात्र कॅन्सरच्या पेशीला हातही लावत नाही. गाठ वाढायला लागली की तिला रक्त कमी पडतं, मग ती एक रासायनिक निरोप सोडून आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे फांद्या फोडायला लावते. शेजाऱ्याच्या पाटाला रात्री भगदाड पाडून पाणी आपल्या वाफ्यात घ्यावं तसं. बेव्हासिझुमॅब तो निरोपच वाटेत पकडतं. यानं बीपी चढतं, जखम भरायला उशीर होतो म्हणून ऑपरेशनच्या आगे-मागे ते थांबवावं लागतं, आणि क्वचित आतड्याला छिद्र पडू शकतं. त्या काळात पोटात अचानक जोराचं दुखलं तर अँटासिडची गोळी घेऊन झोपू नये, थेट दवाखाना गाठावा. त्याची भारतात बनलेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारी, मिळतात.

पण 'नेमका उपचार' म्हणतात तो असा की अँटीबॉडीनं कॅन्सरची पेशीच ओळखावी. त्यासाठी पेशीच्या अंगावर असा पत्ता लागतो, जो कॅन्सरवर भरपूर आहे आणि बाकी शरीरावर नाही. सगळी गोम इथेच आहे. सीए-१२५ तर कॅन्सरवर असतंच, मग त्यालाच धरावं, असं कोणालाही सुचेल. पण ते सुटून रक्तात आणि पोटातल्या पाण्यात तरंगत असतं. अँटीबॉडी गाठीपर्यंत पोचायच्या आधी या तरंगणाऱ्या तुकड्यांतच अडकू शकते. सीए-१२५ च्या वाटेनं केलेले उपचार मोठ्या चाचण्यांत उतरले, पण बायकांचं आयुष्य त्यांनी वाढवलं नाही.

दुसरा पत्ता सापडला तो आशाताईंच्या बॅगेतला. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या गरोदर बायकांना देतात ना, त्यातलं फॉलिक अ‍ॅसिड. ते पेशीत ओढून घेणारं एक दार पेशीच्या अंगावर असतं, त्याचं नाव फोलेट रिसेप्टर अल्फा. निरोगी शरीरात ते मूत्रपिंड, फुप्फुस अशा मोजक्याच ठिकाणी असतं आणि तिथेही बहुतेक रक्ताच्या उलट्या बाजूला तोंड करून. अंडाशयाच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठींत मात्र ते पेशीभर पसरलेलं असतं. पत्ता फार चांगला. फार्लेटुझुमॅब नावाची अँटीबॉडी या दाराला नेमकी चिकटायची. तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचण्यांत तिनं काहीच फरक पाडला नाही.

मला या गोष्टीतली हीच अडचण सर्वांत शिकवणारी वाटते. अँटीबॉडी बरोबर दारात जाऊन उभी राहिली आणि नुसतीच उभी राहिली. पोस्टमन पत्ता शोधतो, पण हातात पत्रच नसेल तर घरातले काय करणार?

मग तिच्या अंगाला विष बांधलं. कुपचन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९७२ साली इथिओपियातल्या एका झुडपातून मेटान्सिन नावाचं रसायन काढलं होतं. पेशी दुभंगताना तिच्या आत जे दोरे ओढले जातात ते हे रसायन विस्कटून टाकतं. नेहमीच्या केमोपेक्षा कितीतरी पट जहाल, इतकं की एकट्यानं देता येईना. निरोगी पेशीही सोबत मरायच्या. म्हणून ते बाजूला पडलं होतं. अँटीबॉडीला बांधलं की मात्र तेच जहालपण उपयोगी, कारण एका अँटीबॉडीवर विषाचे तीन-चारच कण बसतात आणि तेवढ्यात पेशी मेली पाहिजे.

बांधायचं कशानं हा वेगळाच अभ्यास. पोतं सुतळीनं शिवलेलं असतं ते आठवा. ट्रकमध्ये कितीही हादरे बसले तरी शिवण उसवत नाही, पण जिनिंगमध्ये पोचल्यावर हमाल नेमकं टोक ओढतो आणि सरसर सगळी शिवण सुटते. औषधातली सांधणीही तशी हवी: रक्तात दिवसचे दिवस टिकावी, पेशीच्या आत गेल्यावरच सुटावी. या औषधात ती गंधकाच्या दोन अणूंच्या जोडीची आहे, आणि अशी जोडी तोडणारं रसायन रक्तात फार थोडं पण पेशीच्या आत भरपूर असतं. अँटीबॉडी दाराला चिकटते, पेशी दारासकट तिला आत ओढते, आत अँटीबॉडीचे तुकडे होतात, सांधा सुटतो आणि विष मोकळं होतं. त्यातलं थोडं बाहेर झिरपून शेजारच्या पेशींनाही मारतं. गाठीतल्या प्रत्येक पेशीवर दार नसतं, त्यामुळे हे झिरपणं इथे फायद्याचं ठरतं.

अँटीबॉडीची पकड जितकी घट्ट तितकं चांगलं, असं मलाही पूर्वी वाटायचं. ते खरं नाही. पकड फार घट्ट असली की औषध गाठीच्या बाहेरच्या पेशींनाच चिकटून बसतं आणि आत पोचतच नाही. पहिल्याच पंगतीनं सगळे मांडे उडवले की मागच्यांना वरणभात.

फोलेटच्या दारावर जाणाऱ्या या औषधाचं नाव मिर्वेटुक्सिमॅब सोराव्टानसिन. अमेरिकेत त्याला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सशर्त आणि २०२४ च्या मार्चमध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. ते कोणासाठी? प्लॅटिनमवाल्या केमोनंतर सहा महिन्यांच्या आत आजार परतला, याला प्लॅटिनम-रोधक म्हणतात, आणि गाठीवर फोलेटचं दार भरपूर आहे, अशांसाठी. साधारण तिघींपैकी एकीच्या गाठीवर ते तेवढं असतं. ४५३ बायकांच्या चाचणीत गाठ लक्षणीय आकसली ती या औषधानं ४२ टक्के जणींची, नेहमीच्या केमोनं १६ टक्के जणींची. निम्म्या जणी साडेसोळा महिन्यांहून जास्त जगल्या, केमोवाल्यांत हा आकडा पावणेतेरा. या आजाराच्या या टप्प्यावर केमोपेक्षा आयुष्य वाढवून दाखवणारं औषध बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं, म्हणून डॉक्टर मंडळी खूश झाली. घरी मात्र हे आकडे सांगायची वेळ आली तेव्हा 'पावणेचार महिने' हे शब्द माझ्या तोंडून नीट निघाले नाहीत.

आणि त्याचा त्रास डोळ्यांना होतो. डोळ्यावरच्या काचेसारख्या पडद्याला इजा होऊन धूसर दिसतं, डोळे कोरडे पडतात. म्हणून सुरू करायच्या आधी डोळे तपासायचे, मधेमधे तपासत राहायचं, थेंब नियमानं टाकायचे. बहुतेकींचं डोस लांबवून किंवा कमी करून सुधारतं. कॅन्सरच्या डॉक्टरबरोबर डोळ्यांचाही डॉक्टर लागतो हे आधीच माहीत असलेलं बरं.

याच जातीची भावंडं बरीच आहेत. हर-२ नावाचा पत्ता गाठीवर खूप दाट असेल तर ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन, जे स्तनाच्या कॅन्सरमधून इकडे आलं. २०२४ पासून अमेरिकेत ते अशा कुठल्याही अवयवाच्या गाठीला देता येतं. एक हात कॅन्सरच्या पेशीला आणि दुसरा पहारेकरी पेशीला धरणाऱ्या दुहेरी अँटीबॉडीही आहेत. कॅटुमॅक्सोमॅब त्यातलीच, पोटातल्या पाण्यासाठी युरोपात २००९ ला आली, २०१७ ला बाजारातून गेली. तिचा एक हात उंदराचा आणि दुसरा घुशीच्या भावकीतल्या मोठ्या उंदराचा, रॅटचा.

एक गंमत सांगायची राहिली. या अँटीबॉडी आता उंदरात बनवत नाहीत. मोठमोठ्या स्टीलच्या टाक्यांत जिवंत पेशी वाढवतात आणि त्या पेशींकडून बनवून घेतात. सर्वांत जास्त वापरतात त्या पेशी १९५७ साली एका चिनी हॅमस्टरच्या मादीपासून काढलेल्या, आणि कुठून काढल्या? तिच्या अंडाशयातून. अंडाशयाच्या कॅन्सरचं औषध अंडाशयाच्या पेशीच शिजवतात. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

आता कामाचं बोलतो. पत्ता गाठीवर आहे की नाही हे रक्तातून कळत नाही, स्कॅनमधूनही नाही. त्यासाठी गाठीचा तुकडाच लागतो. ऑपरेशन किंवा बायोप्सीनंतर तो तुकडा मेणात बसवून ठेवतात, काडेपेटीपेक्षा लहान ठोकळा होतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप करून त्यावर अँटीबॉडी टाकून रंग येतो का ते बघतात. म्हणजे उपचाराची अँटीबॉडी द्यायची की नाही हेही आधी दुसरी अँटीबॉडीच सांगते. रिपोर्टचा कागद घरोघर प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला असतो, ब्लॉकचं नावही कोणाला ठाऊक नसतं. आमच्या बाबतीत जिथे ऑपरेशन झालं तिथल्या लॅबमध्ये तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा 'साहेब नाहीत', दुसऱ्यांदा 'जुना माल खाली आहे', तिसऱ्यांदा मिळाला. मागायचा हक्क पेशंटचा आहे. अर्ज लिहून, नंबर टिपून, सही घेऊन ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेणच ते.

मावशीचा आजार केमो संपल्यावर पाचव्या महिन्यात परतला. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आधी ब्लॉक मागितला. आम्ही रात्रीच्या गाडीनं निघालो, ब्लॉक तिच्या स्टीलच्या डब्यात, कळण्याच्या भाकरीच्या वरच्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेला. परळला ब्लॉक जमा केला, पावती घेतली आणि पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. बाहेर पडून चहा घेताना मी तिला म्हटलं, इथून चालत जाता येईल एवढ्यावर हाफकिन आहे, सापाच्या इंजेक्शनवर काम केलं ती संस्था. तिनं बशीतला चहा संपवला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि म्हणाली, "मंग घोडा कथा शेतस?"